कर्करोगानं मोडलेलं हाड: रॉडआधी काय, रॉडनंतर काय

कर्करोग हाडात उतरला की साध्या वळण्यानं, खोकल्यानंही हाड मोडतं. अशा रुग्णांच्या घरच्यांनी कोल्हापूर जिल्ह्यातून पाठवलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. अस्थिरोग आणि कर्करोग शस्त्रक्रियेचं काम करणाऱ्या डॉक्टरांनी उत्तरं दिली आहेत. पत्रं थोडक्यात छापली आहेत.

आईला सहा वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता. ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) सगळं पूर्ण झालं. परवा चुलीपाशी वळताना मांडीत कट्‌कन आवाज झाला आणि ती खाली कोसळली. इथले डॉक्टर उद्याच रॉड (हाडाच्या पोकळीत बसवायची धातूची सळई) टाकू म्हणतात. कोल्हापुरातले म्हणतात, आधी बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) आणि स्कॅन, चार दिवस जातील. मोडलेलं हाड तसंच ठेवायचं का? प्लास्टरनं भागणार नाही का? — एक मुलगा, गडहिंग्लज

चार दिवस थांबा. कातडी फाटून हाड बाहेर आलेलं नसेल, पाऊल गरम असेल आणि बोटं हलत असतील, तर मांडीचं हाड वजन लावून किंवा थॉमस स्प्लिंटमध्ये (पाय सरळ धरून ठेवणाऱ्या चौकटीत) चार दिवस नीट राहतं. त्या चार दिवसांत जे कळतं, ते रॉड टाकल्यावर कळून फारसा उपयोग नसतो.

आईंना आधी स्तनाचा कर्करोग होता, म्हणून हाडातली गाठ त्याचीच असणार, हा अंदाज बहुधा बरोबर ठरतो. पण हाडात पहिल्यांदाच काही दिसतंय आणि तेही एकाच ठिकाणी, तेव्हा अंदाजावर रॉड टाकायचा नसतो. ती गाठ हाडाचा स्वतःचा कर्करोग, म्हणजे सार्कोमा निघाली तर? रॉड टाकताना खुब्यापासून गुडघ्यापर्यंत हाडाची पोकळी कोरतात. त्या कोरण्यात सार्कोमाच्या पेशी अख्ख्या हाडात आणि आजूबाजूच्या स्नायूंत पसरतात. जो पाय वाचवता आला असता, तो मग मांडीतून काढावा लागू शकतो. ही चूक नंतर दुरुस्त करता येत नाही.

बायोप्सीबद्दल तीन गोष्टी विचारून घ्या. पहिली, पुढचं ऑपरेशन जो सर्जन करणार, त्यानंच तुकडा घ्यावा किंवा कुठून घ्यायचा ते त्यानं ठरवावं. छेद पुढच्या ऑपरेशनच्या रेषेतच असायला हवा. दुसरी, हाडाचा तुकडा मऊ करायला लॅबमध्ये आम्लात ठेवतात, आणि तीव्र आम्लात हार्मोन रिसेप्टरची (कर्करोगाच्या पेशी हार्मोनवर वाढतात का, हे सांगणारी) तपासणी बिघडते. म्हणून तुकड्यातला मऊ भाग आम्लात न घालता वेगळा ठेवा, असं चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगा. सहा वर्षांपूर्वीचे रिसेप्टर आणि आजचे रिसेप्टर एकच असतील असं नसतं, आणि पुढची औषधं त्यावरच ठरतात. तिसरी, आधीचे सगळे रिपोर्ट आणि जमल्यास जुन्या ऑपरेशनचे पॅराफिन ब्लॉक (लॅबनं मेणात जपलेले गाठीचे तुकडे) सोबत न्या.

ज्या रुग्णाच्या हाडांत कर्करोग पसरल्याचं आधीच तुकडा तपासून सिद्ध झालंय, त्याला वेगळ्या बायोप्सीसाठी सहसा थांबावं लागत नाही. ऑपरेशनच्या वेळी निघालेला भाग तपासायला पाठवतात. तो पाठवला की नाही, हे मात्र विचाराच.

या चार दिवसांत बाकीच्या तपासण्या होतात. खुब्यापासून गुडघ्यापर्यंत अख्ख्या मांडीचा एक्स-रे लागतो. फक्त मोडलेल्या जागेचा पुरत नाही, कारण चार बोटं खाली दुसरी पोखरलेली जागा असू शकते. छाती-पोटाचा सीटी आणि बोन स्कॅन किंवा पेट स्कॅन होतो. रक्तात हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) आणि कॅल्शियम पाहतात. मूळ कर्करोग ठाऊकच नसेल, तर मायलोमासाठी (हाडाच्या मगजातल्या पेशींचा कर्करोग) प्रोटीनच्या तपासण्या आणि पुरुषांत प्रोस्टेटसाठी पीएसएही करतात.

कॅल्शियमकडे दुर्लक्ष होतं आणि ते महागात पडतं. पोखरलेल्या हाडातून कॅल्शियम रक्तात येतं. रुग्णाला तहान लागते, शौचाला होत नाही, तो बरळतो किंवा गुंगीत जातो, आणि घरचे म्हणतात वेदनेच्या गोळ्यांनी झालंय. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन कमी असेल तर रिपोर्टवरचा आकडा फसवा असतो. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं कमी, त्याला ०.८ ने गुणून कॅल्शियममध्ये मिळवायचं. रिपोर्टवर कॅल्शियम ११.२ आणि अल्ब्युमिन २.५ असेल, तर खरा आकडा १२.४ होतो. अशा रुग्णाला आधी सलाईन आणि झोलेड्रोनिक अॅसिड (हाडाची झीज थांबवणारं औषध) देऊन कॅल्शियम खाली आणतात, मग भूल देतात.

आता प्लास्टर. चांगलं हाड मोडलं की दोन टोकांतून नवं हाड उगवतं. इथं टोकांतच कर्करोग बसलाय. मायलोमात, काही वेळा स्तनाच्या कर्करोगात हाड जुळतं, तेही सावकाश. फुप्फुसाच्या कर्करोगात जवळजवळ जुळतच नाही. मांडी प्लास्टरमध्ये घालून तीन महिने पडून राहायचं म्हणजे पाठीला जखमा, छातीत कफ, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, आणि त्या काळात केमोही थांबलेली. म्हणून आमचा हिशेब असा असतो की हाड जुळणारच नाही असं धरायचं आणि उरलेल्या आयुष्यभर वजन पेलेल असं काम करायचं.

कोणतं काम, हे हाड कुठं मोडलंय त्यावर ठरतं. खुब्याचा गोळा किंवा मान मोडली असेल, तर स्क्रू मारण्यात अर्थ नाही, कृत्रिम गोळा सिमेंटमध्ये बसवतात. त्याखाली किंवा मांडीच्या मध्यात मोडलं असेल, तर लांब रॉड. वरचा स्क्रू खुब्याच्या मानेत, खालचे स्क्रू गुडघ्याच्या वर. आखूड रॉड नको. त्याच्या टोकाशी सगळा ताण येतो आणि पुढं तिथं नवी गाठ झाली की हाड तिथंच मोडतं. मोठी पोकळी असेल तर आतली गाठ खरवडून बोन सिमेंट भरतात. ते काही मिनिटांत दगडासारखं होतं. वरचा भाग पार विरघळला असेल, तर तेवढं हाड काढून धातूचा मोठा सांधा बसवतात.

रुग्णाचं आयुष्य वर्षांत मोजण्यासारखं असेल, तर रॉडची दुसरी अडचण समोर येते. हाड जुळलं नाही तर प्रत्येक पावलाचा भार धातूवर येतो आणि तार वाकवून वाकवून तुटावी तसा रॉड किंवा स्क्रू एक दिवस तुटतो. स्तन, प्रोस्टेट आणि मायलोमाच्या रुग्णांत हे दिसतं, कारण ते जास्त जगतात. अशा वेळी सर्जन कृत्रिम सांध्याकडे झुकला, तर तो उगाच मोठं ऑपरेशन सांगतोय असं समजू नका.

गडहिंग्लजहून आणताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवा, मोडलेला पाय चांगल्या पायाला मऊ कापडानं तीन-चार ठिकाणी बांधा, मोडलेल्या जागेवर गाठ नको. निघायच्या अर्धा तास आधी वेदनेचं औषध द्या. पाय ओढून सरळ करायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका. १०८ ची गाडी मिळेल. चारचाकीच्या मागच्या सीटवर आडवं घालून आणणं टाळा.

वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग आहे. मांडीच्या वरच्या भागात दुखतं, चालताना जास्त. हाड मोडलेलं नाही, तरी डॉक्टर रॉड टाकायला सांगतात. न मोडलेल्या हाडाचं ऑपरेशन का? — इचलकरंजी

कारण मोडल्यावर तेच ऑपरेशन अवघड होतं. रक्त जास्त जातं, वेदना जास्त, रुग्णालयातले दिवस जास्त, आणि मोडण्याचा क्षण बहुधा रात्री न्हाणीघरात येतो.

सर्जन हे अंदाजानं ठरवत नाहीत. मिरेल्स यांनी १९८९ मध्ये मांडलेली गुणांची पद्धत आजही वापरतात. चार गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण. जागा: हात १, पाय २, खुब्याजवळचा उंचवट्याचा भाग ३. वेदना: थोडी १, मध्यम २, पाय टाकला की उठणारी ३. एक्स-रेत हाड पांढरं घट्ट झालेलं असेल १, मिश्र २, काळं पोखरलेलं ३. पोखरलेला भाग हाडाच्या रुंदीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी १, दोन तृतीयांशापर्यंत २, त्याहून जास्त ३. बेरीज ७ किंवा कमी आली तर शेक आणि लक्ष ठेवणं, ९ किंवा जास्त आली तर आधीच रॉड. ८ ला सर्जनचा निर्णय. मिरेल्स यांच्या मूळ रुग्णांत ८ गुणांना मोडण्याचं प्रमाण १५ टक्के होतं आणि ९ ला ३३ टक्के. एका गुणात धोका दुपटीवर गेला, म्हणून सीमा तिथं आहे.

वडिलांची जागा खुब्याजवळ असेल तर ३, चालताना दुखतं ३, फुप्फुसाची गाठ बहुधा हाड पोखरणारी असते म्हणून ३, आणि रुंदी निम्मी धरली तर २. बेरीज ११. या आकड्यावर वाट पाहणं आम्ही सुचवणार नाही. ही पद्धत धोका थोडा वाढवून दाखवते हे खरं, आणि शंका असेल तिथं सीटी करून हाडाची भिंत किती उरलीय ते पाहता येतं. पण चारही गोष्टींत आमच्या मते सगळ्यात जास्त ऐकायची ती वेदना. बसल्यावर थांबणारी आणि पाय टाकला की परत येणारी वेदना म्हणजे हाड भार पेलत नाहीये.

ऑपरेशन होईपर्यंत वॉकर किंवा कुबड्या, जिना बंद, उकिडवं बसणं बंद, संडासला कमोडची खुर्ची. पाय पिरगळून वळू नये, छोटी छोटी पावलं टाकत वळावं.

एक धोका आधीच माहीत असू द्या. न मोडलेल्या हाडात रॉड शिरताना आतला दाब वाढतो आणि चरबी, मगज, गाठीचे कण रक्तातून फुप्फुसात जातात. ऑक्सिजन एकदम उतरू शकतो. वडिलांचं फुप्फुस आधीच आजारी आहे, तेव्हा भूलतज्ज्ञाशी आदल्या दिवशी बोला आणि ऑपरेशननंतर आयसीयूची खाट राखून ठेवली आहे का विचारा. दोन्ही मांड्यांत रॉड लागणार असतील, तर एकाच दिवशी दोन्ही नकोत.

काकांना किडनीचा कर्करोग, दंडाचं हाड मोडलंय. ऑपरेशनआधी रक्तवाहिनी बंद करण्याची वेगळी प्रक्रिया सांगितलीय. खर्च वाढतोय, टाळता येईल का? — कागल

टाळू नका. किडनीच्या आणि थायरॉइडच्या कर्करोगाची हाडातली गाठ रक्तानं भरलेली असते. तिथं छेद दिला की रक्त थांबवणं कठीण जातं. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून गाठीला रक्त पुरवणारी वाहिनी आतून बंद करतात आणि त्यानंतर २४ ते ४८ तासांत ऑपरेशन करतात. जास्त दिवस गेले की नव्या वाहिन्या उघडतात आणि सगळं वाया जातं, म्हणून ऑपरेशन थिएटरची तारीख पक्की झाल्याशिवाय ही प्रक्रिया करून घेऊ नका. रक्ताच्या पिशव्याही आदल्या दिवशीच राखून ठेवा. अंगभर दुसरीकडे कुठंच गाठ नसेल, तर रॉडऐवजी तेवढा भाग मुळापासून काढण्याचा पर्यायही असतो. तो विचारा.

आईच्या पाठीत महिनाभर दुखतंय, मायलोमा आहे. परवापासून पाय जड झालेत, लघवी अडकतेय. सोमवारी अपॉइंटमेंट आहे. — जयसिंगपूर

सोमवारची वाट पाहू नका, आजच न्या. या रुग्णांत अशी लक्षणं म्हणजे मणका खचून किंवा गाठ वाढून मज्जारज्जू दाबला जात असण्याची शक्यता मोठी. संपूर्ण कण्याचा एमआरआय त्याच दिवशी व्हायला हवा. मज्जारज्जूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन देतात, सामान्यतः दिवसाला १६ मिलिग्रॅम. आईंना मधुमेह असेल तर साखर चढते, ते आधी सांगा. उचलताना पाठ वळू देऊ नका, चादरीवर चौघांनी सपाट उचला.

पाय पूर्ण जायच्या आधी उपचार झाला तर चालणं टिकतं, गेल्यावर परत येणं अवघड. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०१ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत, कण्यावरचा दाब ऑपरेशननं काढून नंतर शेक दिलेल्यांपैकी ८४ टक्के चालू शकले, नुसता शेक दिलेल्यांपैकी ५७ टक्के. मायलोमाच्या गाठी शेकाला आणि औषधांना चटकन वितळतात, म्हणून त्या चाचणीत असे रुग्ण घेतले नव्हते आणि आईंना ऑपरेशन लागेलच असं नाही. मणक्याचं हाड सरकलंय का, मज्जारज्जूच्या पोकळीत आलंय का, यावर ते ठरेल.

वडिलांच्या मांडीत रॉड टाकून बारा दिवस झाले. शेक कधी द्यायचा? ऑपरेशन झालंय तर शेक हवाच का? गावातले म्हणतात हाडवैद्याची पट्टी आणि तालमीतल्या तेलाची मालिश केली तर हाड लवकर धरेल. — राधानगरी तालुका

रॉडनं हाडाला आधार मिळाला, गाठ आत तशीच आहे. शेक दिला नाही तर ती वाढत राहते, रॉडभोवतीचं हाड खाते आणि स्क्रू ढिले होतात. टाके साधारण १२ ते १४ दिवसांनी निघतात. जखम कोरडी दिसली की दोन-तीन आठवड्यांच्या सुमारास शेक सुरू करतात, सहसा ५ दिवसांत २० ग्रे किंवा १० दिवसांत ३० ग्रे (ग्रे म्हणजे शेकाची मात्रा). फक्त मोडलेल्या जागेला नाही, रॉड जिथून जिथपर्यंत आहे तो बहुतेक भाग शेकात यावा. म्हणून ऑपरेशननंतरचा अख्ख्या मांडीचा एक्स-रे शेक देणाऱ्या डॉक्टरांना नेऊन दाखवा. केमोही जखम भरल्यावरच. बेव्हॅसिझुमॅब (गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध) चालू असेल तर ते जखम भरू देत नाही, त्याचं अंतर कर्करोगतज्ज्ञांनाच विचारा.

पट्टी आणि मालिश या पायाला अजिबात नको. तालमीत मुरगळलेल्या स्नायूला वस्तादांचा हात लागतो त्याचं मोल आम्हाला माहीत आहे. पण हा पाय निराळा आहे. पोखरलेलं हाड दाबानं पुन्हा मोडतं, पोटरीत गुठळी असेल तर चोळण्यानं ती सुटून फुप्फुसात जाते आणि माणूस दगावू शकतो, ओल्या टाक्यांवर तेल गेलं की पू होतो. रुग्णाची पाठ, खांदे, दुसरा हात हलक्या हातानं चोळले तर त्याला बरं वाटतं, तेवढं जरूर करा. मात्र तिथल्या हाडांत गाठ नाही हे स्कॅनच्या रिपोर्टवर आधी पाहून घ्या.

रॉड घट्ट बसला असेल तर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. किती भार टाकायचा ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, नसेल तर लिहून घ्या. कृत्रिम गोळा बसवलेल्यांनी मांडी घालून आणि उकिडवं बसू नये, पायावर पाय टाकू नये. उंबऱ्यावरून जाताना वॉकर आधी पलीकडे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. रक्त पातळ ठेवणारी सुई पोटात रोज घ्यायची असते, खुब्याच्या किंवा मांडीच्या मोठ्या ऑपरेशननंतर बहुधा चार-पाच आठवडे. घरी आल्यावर बरेच जण ती बंद करतात. तसं करू नका. एक पोटरी सुजली, दम लागला किंवा छातीत कळ आली तर लगेच रुग्णालय गाठा.

मॉर्फिनला घाबरू नका. कर्करोगाच्या वेदनेत ते नियमानं, ठरलेल्या वेळी घेतलं तर व्यसन लागण्याची भीती फार कमी असते. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत रेचक हवं. औषधाच्या दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या, विशेषतः मायलोमात, किडनी बिघडवतात.

आजी ८१ वर्षांची आहे, कर्करोग सगळीकडे पसरलाय. ऑपरेशन करावं का? — कोल्हापूर शहर

वय ८१ म्हणून नाही म्हणू नका. तीन गोष्टी पाहा: मोडण्याआधी त्या काय करत होत्या, भूल झेपेल का, आणि कर्करोगतज्ज्ञांच्या अंदाजानं आठवडे आहेत की महिने. मांडी मोडलेल्या रुग्णाला महिना-दीड महिना जरी मिळणार असेल, तरी ऑपरेशन करण्यात अर्थ आहे. कारण ते न केल्यास प्रत्येक कूस, प्रत्येक बेडपॅन म्हणजे किंकाळी. हात मोडला असेल तर झोळी आणि एका दिवसाचा ८ ग्रेचा शेक यावर बरंच भागतं.

श्वास लागतोय, शुद्ध हरपतेय, दिवसच उरलेत असं दिसत असेल, तर थिएटरमध्ये नेऊ नका. भूलतज्ज्ञ मांडीच्या नसेभोवती बधिर करणारी सुई किंवा बारीक नळी घालून वेदना खूप कमी करतात. सोबत मॉर्फिन आणि हवेची गादी. हेही उपचारच आहेत. आजी बोलू शकत असतील तर त्यांना विचारा. आमचा अनुभव आहे की घरचे सगळ्यांना विचारतात आणि खाटेवरच्या माणसाला विचारायचं राहतं.

महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन बसतं का? मुंबईला टाटाला जावं का? — पन्हाळा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्णालयात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राच्या (योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलावर जा आणि रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट दाखवा. विचारायचं ते नेमकं विचारा: हे रुग्णालय योजनेत हाडाच्या ऑपरेशनसाठी आहे का, आणि शेक-केमोसाठी वेगळ्या रुग्णालयात जावं लागेल का? मंजुरी आधी, ऑपरेशन नंतर. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरीची सोय असते.

मांडीच्या साध्या रॉडसाठी परळपर्यंत जायची गरज नसते. मोडलेल्या पायानं तो प्रवासच छळ आहे. एकच गाठ, निदान अनिश्चित किंवा सार्कोमाची शंका असेल, तेव्हा मात्र टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी बायोप्सीआधीच जाणं चांगलं. रेल्वेत कर्करुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला उपचाराच्या प्रवासासाठी सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो.

हाडं बळकट करणारं इंजेक्शन सुरू करायचंय. डॉक्टर म्हणाले आधी दात दाखवून या. बायको मिश्री लावते, दोन दात हलतात. दातांचा काय संबंध? — भुदरगड तालुका

संबंध थेट आहे. झोलेड्रोनिक अॅसिड ४ मिलिग्रॅम, कमीत कमी १५ मिनिटं लावून सलाईनमधून, किंवा डेनोसुमॅब १२० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी त्वचेखाली. ही औषधं हाड खाणाऱ्या पेशींना थांबवतात. पण जबड्याच्या हाडाची रोजची डागडुजीही त्याच पेशींवर चालते. इंजेक्शन सुरू असताना दात काढला तर ती जागा भरत नाही, हाड उघडं पडतं, महिनोन्‌महिने पू येतो. म्हणून हलणारे दोन दात आधी काढून घ्या, हिरडी भरू द्या, मग इंजेक्शन. त्यासाठी काही आठवडे लागले तरी चालतील, रॉड आणि शेक त्यासाठी अडत नाहीत.

मिश्री बंद करायला हवी. हिरड्यांना सतत इजा करते आणि तोंडाच्या कर्करोगाचं कारण आहेच. दात मऊ ब्रशनं घासायचे. झोलेड्रोनिकच्या प्रत्येक वेळेआधी क्रिएटिनिन तपासतात, किडनी कमजोर असेल तर मात्रा कमी करतात. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सोबत चालू ठेवा, नाहीतर, विशेषतः डेनोसुमॅबनंतर, रक्तातलं कॅल्शियम उलट खाली जाऊन ओठ-बोटांना मुंग्या येतात, पेटके येतात. पहिल्या झोलेड्रोनिकनंतर एक-दोन दिवस कणकण आणि अंगदुखी होते, पॅरासिटामॉल पुरतं. डेनोसुमॅब मध्येच मनानं थांबवू नका, ते थांबल्यावर हाडांची झीज झपाट्यानं वाढते आणि मणके खचू शकतात. आणि दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या मांडीत किंवा जांघेत नवं दुखणं सुरू झालं, तर ते याच औषधाचंही असू शकतं, तेव्हा दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढून घ्या.